बेलडोह स्टेशनची पाणीवाली

छोटी लाइन चालू होती तेव्हा सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना रामाकोना मागं पडलं की, घाट लागायच्या अगोदर, बेलडोह यायचं. स्टेशन म्हणजे एक दगडी खोली, तिला तिकिटाची खिडकी, पुढं पत्र्याची पडवी आणि जमिनीलगतचा मुरमाचा फलाट. एवढ्याशा स्टेशनावर गाडी मात्र जंक्शनवर थांबावी तशी थांबायची. लोक खाली उतरून बोरं वेचून यायचे, तरी ती उभीच. पुढं घाट होता, आणि कोळशाच्या इंजिनाला घाट चढायचा तर आधी पोटभर पाणी लागायचं. त्यासाठी लाइन टाकणाऱ्यांनी शंभराहून जास्त वर्षांमागे स्टेशनाशेजारी विहीर बांधली होती. काळ्या दगडाची, गोल, आणि इतकी रुंद की तोंडावर फळ्या टाकल्या तर वरून बैलगाडी वळवता यावी.

इंदूबाई सोमकुंवर यांचं सगळं आयुष्य या विहिरीपाशी गेलं. मी बेलडोहच्या शाळेत बदलून आले तेव्हा लाइन बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण इंदूबाईंना मी त्याच्या खूप आधीपासून पाहत होते. माझं आजोळ छिंदवाड्याचं. लहानपणी मे महिन्यात मामाकडे जाताना बेलडोहला खिडकीतून ओंजळ बाहेर काढायची आणि हिरव्या लुगड्यातली एक बाई झारीनं तिच्यात पाणी ओतायची. पाणी इतकं गार असायचं की दात शिवशिवायचे. "पिऊन घे, पुढं घाटात काही मिळत नाही," आई म्हणायची. ती बाई म्हणजे इंदूबाई.

नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्या जन्मल्या. वडील मोतीराम रेल्वेच्या पंपावर खलाशी म्हणून कामाला होते. विहिरीतलं पाणी पंपानं उंच टाकीत चढवायचं, आणि गाडी आली की टाकीची लोखंडी सोंड इंजिनावर वळवून चाक फिरवायचं, हे त्यांचं काम. छोटी इंदू फलाटावर उभी राहून पाहायची.

"मले वाटे, ते जित्तंच हाय," त्या एकदा मला सांगत होत्या. "पानी पीत असताना कसं सुस्कारे टाके. अंगातून वाफ निघे. बाबा त्याच्या पाठीवर चढून झाकण उघडे, तं मी दोन पावलं मांगं सरके. एवढा मोठा जीव, अन माह्या बापाच्या हातानं पानी पिऊन राहिला."

गावात तेव्हा विहीर होती, पण सोमकुंवरांच्या मोहल्ल्याला तिच्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. मोहल्ल्यातल्या बाया नाल्याच्या वाळूत खड्डे उकरायच्या, त्यात पाझरलेलं पाणी करवंटीनं भरायच्या. इंदूची आईसुद्धा. रेल्वेच्या विहिरीवरूनच तिची वाट जायची. नवरा ज्या विहिरीचं पाणी दिवसभर उपसायचा तिच्या काठावरून ती रिकामा हंडा घेऊन नाल्याकडे जायची. ती विहीर इंजिनाची, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं होतं.

त्या काळात दासबाबू नावाचे बंगाली स्टेशनमास्तर बेलडोहला आले. एकटेच होते. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदीही अर्धं बंगाली. एक दिवस त्यांनी इंदूच्या आईला थांबवून मोतीरामला विचारलं, "इतना पानी इधर है, तुम्हारा औरत उधर काहे जाता है?"

मोतीराम पंप पुसत राहिले. दासबाबूंनी पुन्हा विचारलं. मग मोतीरामनं खाली बघत गावची रीत सांगितली. बाबूंनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पोहरा आणि दोर विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि इंदूच्या आईला म्हणाले, "भरो."

दोनचार दिवसांत गावातली मोठी माणसं स्टेशनावर आली. बाबूंनी त्यांना बाकावर बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "गाँव का कुआँ आपका. यह रेल का है. रेल में जो आता है सब बैठता है." चहा संपवून मंडळी उठून गेली.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. वैशाखात गावची विहीर आटली, आणि एका सकाळी वरच्या आळीतल्या बायाही हंडे घेऊन रेल्वेच्या विहिरीवर आल्या. मग त्या कठड्याच्या पलीकडच्या अंगाला उभ्या राहिल्या, मोहल्ल्यातल्या अलीकडे, आणि दोन्हीकडून पोहरे खाली गेले. इंदू कठड्यावरून वाकून पाहत होती. वरून दोर कितीतरी दिसत होते, इकडचे आणि तिकडचे, आणि खाली पाणी एकच होतं. ते मला सांगताना इंदूबाईंनी दोन्ही हात पसरून गोल करून दाखवला. "एवढं पानी, मॅडम. अन दिवसभर उपसून राहिले तरी बोटभर खाली नाही गेलं."

विहीर कधी आटली नाही हे बेलडोहला जाणारा प्रत्येक जण सांगायचा. मोतीराम म्हणायचे, माझ्या नोकरीत मी तळ पाहिला नाही, माझ्या आधीच्या खलाशानंही नाही पाहिला.

इंदूचं लग्न मोहगावच्या एका संत्र्याच्या बागेत काम करणाऱ्या माणसाशी झालं. मोतीरामना मुलगा नव्हता, म्हणून जावईच बेलडोहला येऊन राहिले आणि आसपासच्या बागांत कामाला जाऊ लागले. पुढं डिझेलचं इंजिन आलं. त्याला पाण्याची तहान नव्हती. पंप काढून नेला, टाकी गंजली, मोतीराम निवृत्त झाले. पण गाडी बेलडोहला थांबायची ती थांबतच राहिली, आणि उन्हाळ्यात प्रवाशांना पाणी पाजायला रेल्वे दरवर्षी हंगामापुरतं एक माणूस ठेवायची. मोतीरामच्या शब्दावर ते काम इंदूला मिळालं.

पडवीत माठ मांडलेले असायचे, खाली ओली वाळू. पहाटे विहिरीवरून भरायचे, गाडीची शिटी ऐकू आली की झारी भरून घ्यायची आणि डब्याडब्याच्या खिडक्यांखालून चालायचं. छोट्या लाइनच्या खिडक्या खाली होत्या, हात सहज पोचायचे. सौंसरचे व्यापारी, शाळेचे मास्तर, बाजाराला निघालेले गोंड, तान्ही पोरं घेतलेल्या माहेरवाशिणी, सगळ्यांच्या ओंजळी बाहेर. वरच्या आळीतली एक म्हातारी होती. तिच्या ओट्याच्या पायरीवर इंदूला कधी बसता आलं नव्हतं. एका मे महिन्यात ती लेकीकडे निघाली होती. गाडी उन्हात तापलेली. इंदू तिच्या खिडकीखाली आली तेव्हा दोघींनी एकमेकींना ओळखलं. म्हातारीनं थोडा वेळ बाहेर बघितलं, मग पदर सावरून ओंजळ पुढं केली, आणि डोळे मिटून पीत राहिली. झारी संपली. इंदू दुसरी भरून आणेपर्यंत गाडी हलली, तर म्हातारीनं ओले हात तसेच जोडले.

"भरली झारी माह्या हातातच राहिली त्या दिवशी," इंदूबाई म्हणाल्या. "घरी येऊन बाबाले सांगतलं. बाबा म्हणे, पानी काय कमी गोष्ट हाय का, बाई?"

अशी त्यांची वर्षं गेली. नवरा वारला, मुलगा अंकुश बोरगावच्या कारखान्यात लागला, सून रूपाली घरात आली. आणि दोन हजार पंधरा साल संपता संपता छोटी लाइन बंद होणार असं ठरलं. रुंद लाइन टाकायची होती.

शेवटची गाडी आली ती थंडीत. इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, लोक डब्याच्या दारात लटकून फोटो काढत होते. इंदूबाईंचा हंगाम नव्हता, कुणी बोलावलंही नव्हतं. तरी त्यांनी माठ धुऊन भरून ठेवले होते. रूपाली म्हणाली, "आई, थंडीत पानी कोन पिते?" पण गाडी थांबली आणि इंदूबाई झारी घेऊन निघाल्या तर एकामागून एक हात बाहेर आले. कुणाला तहान नव्हती. सगळे प्याले. गार्डनं शिटी वाजवायच्या आधी स्वतः खाली उतरून ओंजळ धरली.

मग रूळ उचलले. मशीन आली, ट्रक आले, आणि जिथून गाडी यायची तिथं बैलगाडीची वाट झाली. स्टेशनाची दारं-खिडक्या निघाली, पडवीचे पत्रे गेले. नवी लाइन पूर्वेकडून, जुनं वळण टाळून सरळ नेली, दोन वावरं पलीकडून. बेलडोहला थांबा मिळाला नाही. मोठी गाडी सुरू झाली तेव्हा सगळं गाव बांधावर उभं राहून बघत होतं. ती आली आणि गेली. पोरांनी हात हलवायला उचलले तोवर शेवटचा डबासुद्धा झाडांमागं गेला होता.

विहिरीकडे मग कुणी बघेना. नळयोजना आली होती, घरोघरी तोटी होती. विहिरीत आधी पालापाचोळा पडला, मग काट्या, प्लास्टिक, विसर्जनाच्या मूर्ती, फुटलेल्या टाक्या. कठड्यातून पिंपळ उगवले. पाणी हिरवं झालं आणि गाळ वर येत येत विहीर उथळ झाली. इंदूबाई तिकडून जायचं टाळायच्या.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नळयोजनेचा बोअर आटला. टँकर एक दिवस यायचा, दोन दिवस यायचा नाही. शाळेतली मुलं घरून बाटली आणायची तीसुद्धा अर्धी. रूपाली तेव्हा पंचायतीत पंच होती. तिनं सभेत विहीर साफ करायचा विषय काढला. जागा रेल्वेची, परवानगी कोण देणार, असं म्हणत तो बरेच दिवस लोंबकळला. पांढुर्णा आता नवा जिल्हा झाला होता, तिथल्या कचेरीत रूपालीचे फेरे झाले. अखेर परवानगी मिळाली आणि मोहगावचा पंकज आपली विहीर खोदायची क्रेन घेऊन आला. पंकज हा विहिरींच्या कामात वाढलेला तरुण, हसरा, बडबड्या.

शाळा सुटली की मी रोज काठावर जाऊन बसायची. इंदूबाई आधीपासूनच तिथं असायच्या. क्रेनचा लोखंडी डबा भरून वर यायचा, गाळ पलीकडे ओतला जायचा. जसजसा गाळ निघाला तसतशी विहीर खाली खाली उघडत गेली, आणि बघणारे काठाच्या आणखी जवळ सरकत गेले. आम्हाला वाटलं होतं खाली कच्ची खोदाई असेल. पण घडीव दगडाचे थर जात होते तसे जातच होते, एकेक दगड कमानीसारखा वाकवून घडवलेला, सांध्यात नखसुद्धा शिरू नये असा. कोनाडे होते, त्यांत पारवे. किती खाली जायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

एका दुपारी पंकज काम अर्धं टाकून वर आला. डब्यातून उतरून त्यानं तोंडावर पाणी मारलं.

"काय झालं रे?" रूपालीनं विचारलं.

"खाली दार हाय," तो म्हणाला.

"दार?"

"कमान. नाल्याच्या बाजूनं. आत बोगदा जाऊन राहिला, ताई. मी इतक्या विहिरी केल्या, असं कुठी नाही पाह्यलं."

लोक काठावर गोळा झाले. दिवा पेटवून दोरीनं खाली सोडून बघितला, तो जळत राहिला, म्हणजे आत हवा होती. पंकज पुन्हा उतरायला निघाला तर इंदूबाई उठून डब्यापाशी आल्या.

"मी बी येतो."

"आई, काहीतरीच काय," रूपाली म्हणाली. "या वयात?"

"माह्या बापानं याच्यातलं पानी उपसलं, मी पाजलं. आता दिसून राहिलं तं पाहू दे मले."

रूपालीनं माझ्याकडे बघितलं. शेवटी इंदूबाईंच्या कमरेला दोर बांधला, डब्यात गोणपाट घातलं, पंकज शेजारी उभा राहिला, आणि त्या खाली गेल्या. त्यांच्यानंतर मीही उतरले, म्हणून पुढचं मी पाहिलेलं सांगतेय.

वरचा उकाडा दोन माणसांच्या उंचीएवढं खाली जाताच संपला. दगड ओले, हाताला गार लागत होते. वर पाहिलं तर आभाळ ताटाएवढं. तळाशी घोट्यापर्यंत पाणी, आणि एका बाजूला विटांची कमान. पंकजनं बॅटरी आत धरली. बोगदा सरळ नाल्याखाली जात होता. पायाखाली गाळ होता, तरी वाकावं लागत नव्हतं. त्याचं छत विटांचं, आणि विटांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटी. त्या फटींतून नाल्याच्या वाळूतलं पाणी गळत होतं, थेंबाथेंबानं, सगळ्या लांबीभर. बाहेर नाला कोरडा ठक्क पडला होता. वाळूच्या खाली कुणाला न दिसणारं पाणी वाहत होतं, आणि कुणीतरी ते शंभर वर्षांमागे हेरून, नाल्याच्या पोटाखाली ही वाट बांधून, इथवर आणलं होतं. गाळानं कमान बुजली म्हणून तेवढं ते थांबलं होतं.

थेंबांचा आवाज येत होता, एवढाच.

इंदूबाई भिंतीला हात लावून चालत होत्या. एका जागी त्या थांबल्या. "मॅडम, इकडं पाहा." मी बॅटरी धरली. विटेवर बोटांचे ठसे होते. ओली असताना उचलताना उमटलेले, चार बोटं स्पष्ट. पुढच्या विटेवरही होते. मग आम्ही जिथं उजेड टाकू तिथं दिसू लागले, लहान, मोठे, काही तर पोरांचे असावेत एवढे बारीक. इंदूबाईंनी एका ठशात आपली बोटं ठेवली. बसली बरोबर.

"बाईचा हात हाय," त्या हळूच म्हणाल्या.

मग पुढच्या विटेवर हात ठेवत म्हणाल्या, "या इटा घडवनाऱ्यायलेच त्या वख्ती गावच्या विहिरीवर येऊ देत नसन. अन यायनं हे बांधून ठेवलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मान वर करून त्या छताकडे बघत होत्या आणि चेहऱ्यावर थेंब पडत होते ते पुसतही नव्हत्या. पंकजनं चपला काढून हातात घेतल्या होत्या. कधी काढल्या, त्यालाही आठवत नाही.

पुढचे काही दिवस बोगद्यातला गाळ काढण्यात गेले. त्यानंतर पाणी चढू लागलं. सकाळी बघावं तर कालपेक्षा एक थर बुडालेला. कमान पाण्याखाली गेली तेव्हा लोक मुद्दाम बघायला आले, कारण आता ती परत कधी दिसेल याचा भरवसा नव्हता. तपासणी करून घेतली, पाणी चांगलं निघालं. स्टेशनाच्या दगडी खोलीवर पत्रे टाकून तिथं मोटर बसवली आणि पाइप गावच्या टाकीला जोडला. त्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा लागला नाही, आणि शेजारच्या दोन वाड्यांचे हंडेही इथूनच भरले. विहिरीला जाळी बसली. मी मुलांना वर्गवार नेऊन दाखवलं. खाली काय आहे ते इंदूबाई सांगायच्या, आणि एरवी पाच मिनिटं स्वस्थ न बसणारी मुलं जाळीला नाक लावून ऐकायची.

पावसाळ्यानंतर एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "मॅडम, घाटात काय हाय हो?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या बाईनं घाट चढणाऱ्या गाड्यांना जन्मभर पाणी दिलं, पण स्वतः घाट कधी चढली नव्हती. नागपूरला जाऊन आल्या होत्या, दीक्षाभूमीला दरवर्षी जायच्या, पण ती खालची बाजू. वर छिंदवाड्याकडे जायचं काही कारणच पडलं नव्हतं.

एका रविवारी अंकुश, त्या आणि मी रामाकोन्याहून मोठ्या गाडीत बसलो. इंदूबाईंनी खिडकी धरली. गाडीनं वेग घेतला, वावरं धावू लागली.

"बेलडोह आलं का सांगजो," त्या अंकुशला म्हणाल्या.

"गेलं, माय."

"कवा?"

"आत्ताच. तू बाभळी पाहून राहिली होती तवा."

त्या हसल्या. मग घाट सुरू झाला, डोंगर जवळ आले आणि गाडी बोगद्यात शिरली. डब्यातले दिवे लागले. इंदूबाईंनी माझा हात घट्ट धरला, पण तोंड खिडकीकडेच होतं. बाहेर पडलो तर एकाएकी सगळी दरी उघडी, खोल खाली सागाचं रान, त्यात पांढऱ्या फुलोऱ्याचे ठिपके, आणि लांबवर कुठंतरी ऊन पडलेलं. दुसरा बोगदा, परत दरी. छिंदवाडा येईपर्यंत त्यांचं कपाळ खिडकीच्या गजाला टेकलेलं होतं. शेजारच्या माणसानं चिवडा पुढं केला तो त्यांनी घेतला आणि तसाच मुठीत धरून ठेवला.

छिंदवाड्याला मी मामाकडे चला म्हणून आग्रह केला. अंकुशलाही बाजार बघायचा होता. इंदूबाई फलाटावरच्या बाकावर बसल्या, चपला काढून पाय वर घेतले.

"परतीची गाडी त्याच रस्त्यानं जाते ना?" त्यांनी विचारलं.

"हो, त्याच."

"मंग तुम्ही जाऊन या. मी इथीच बसतो," त्या म्हणाल्या. "जाताना त्या बाजूची खिडकी धरू. तिकडचं पाह्यचं राहिलं."